पालकांनी चिंचेखाली बसावे

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय आबासाहेब, व्यासपीठावर बसलेले क्रीडा समितीचे प्रमुख श्री. हेमंतराव, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आपले शिवराज सर, समोरच्या माताभगिनी, बंधू आणि मागच्या सतरंजीवर गप्प बसण्याची शिकस्त करणारी मुलं, सर्वांना माझा नमस्कार.

मी रंजना, नल्लकुंट्याला राहते. शिकलेली मॅट्रिकपर्यंत. सभेत आजवर मी फक्त हळदीकुंकवाचे आभार मानले आहेत, तेव्हा भाषण माझ्यावर का सोपवलं हे मला कळलेलं नाही. बहुधा मी दोन गोड शब्द बोलून बसेन असं वाटलं असावं. गोड शब्द आणलेत. आधी तेच सांगते.

शिवराज सर मूळचे बीदरकडचे. रेल्वेत नोकरी केली, रेल्वेच्या टीममधून फुटबॉल खेळले आणि गेली काही वर्षं दर रविवारी सकाळी तारनाक्याच्या मैदानावर आपल्या मंडळाच्या लहान मुलांना खेळवत आले. मुलं म्हणजे कोण? दुधाचे दात पडताहेत अशी. माझी श्रुती पहिल्या दिवशी गेली ती एक नंबर मोठ्या बुटात, पुढे कापूस भरून. पाय वाढणारच आहे, बूट दरवर्षी कोण घेणार? सर खाली बसले, नाडी घट्ट केली आणि म्हणाले, "ताई, कापूस ठीक आहे. पण तुम्ही इथं उभ्या राहू नका. तिकडं चिंचेखाली बसा. पोरगी तुमच्याकडं बघंल की बॉलकडं?"

तेव्हापासून आम्ही पालक चिंचेखाली. कुणी शेंगा सोलायचं, कुणी पेपर वाचायचं, मी जपाची माळ घेऊन बसायची. ओरडायचं नाही, हा सरांचा एक नियम. दुसरा नियम बारीचा. गोलात उभं राहायची प्रत्येकाची बारी. ज्याची बारी, त्यानं ते मोठे हातमोजे आदल्या रविवारी घरी न्यायचे, धुऊन वाळवून आणायचे. उंच असो, बुटका असो, मुलगा असो की मुलगी.

तर यंदा एका परदेशी शीतपेयाच्या कंपनीनं कप ठेवला. मैदानावर रंगीत छत्र्या आल्या, कापडी फलक आले. केबल आल्यापासून घराघरात फुटबॉल दिसतो, त्यामुळे पुरुषमंडळीही जाणकार झाली होती. आपली मुलं फायनलला गेली आणि बारी निघाली श्रुतीची.

त्या आठवड्यात माझ्या घरी जेवढी माणसं आली तेवढी गौरीलाही येत नाहीत. माधवीताई, तुम्ही समोरच आहात, चुकलं तर सांगा. हेमंतरावांच्या या सौभाग्यवती, माधवीताई, गुरुवारी आल्या. चहा झाला. मग म्हणाल्या, "रंजनाताई, रागावू नका हं. श्रुती गोडच आहे. पण फायनल आहे. एवढ्या वेळी हातमोजे आमच्या रोहनला दिले तर?"

मी म्हटलं, "सरांना विचारा."

"विचारलं की. ते म्हणतात, बारी म्हणजे बारी."

आतून श्रुती म्हणाली, "मग माझ्या आईला कशाला विचारता, काकू?"

मी तिला दटावलं. मोठ्यांशी असं बोलत नाहीत. माधवीताई हसल्या, पण कप अर्धा ठेवून गेल्या. त्या रात्री श्रुती हातमोजे घालूनच झोपली. सकाळी देवापाशी बसले तेव्हा मुलीसाठी कप मागावा असं मला वाटलं नाही. तिचे हातपाय धड राहोत, एवढंच मागितलं.

व्यासपीठावरून चिठ्ठी आली आहे. विषयाला धरून बोला म्हणतात. विषयाला धरूनच आहे, हेमंतराव. थोडंच उरलंय.

फायनलला चिंचेखाली कुणी बसलं नाही. सगळे रेषेवर. हेमंतराव तर गोलाच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. आपली मुलं जिंकावीत, एवढाच. पण सूचना सुरू झाल्या. "पुढे ये. मागे हो. हात वर." श्रुतीचा चेहरा मला रेषेवरून दिसत होता, पांढरा पडलेला. बरोबरी होती. समोरून एक मुलगा बॉल घेऊन निघाला आणि हेमंतरावांनी जोरात हाक मारली, "श्रुती!"

आता वडीलधाऱ्यांनी नावानं हाक मारली की काय करायचं, हे आपण मुलांना काय शिकवलं आहे? हातातलं काम टाकून, वळून, ओ द्यायची. ती वळली. "काय काका?" म्हणाली. आणि बॉल तिच्या मागून अगदी हळूहळू आत गेला.

कुणी हसलं, कुणी कपाळावर हात मारला. शिवराज सर काय करतील या धास्तीनं मी दोन पावलं पुढे झाले.  सरांनी पंचांना हात करून खेळ थांबवला, गोलामागे गेले आणि हात जोडून म्हणाले, "हेमंतराव, तुम्ही चिंचेखाली बसा. नाही तर मी बसतो."

कंपनीची माणसं बघत होती. हेमंतरावांना ते लागलं, आणि लागणारच. आपण तो सामना हरलो. समितीच्या पुढच्या बैठकीत ठरलं की आता नवे सर येतील, निवड होईल, बाऱ्या बंद. गोलात उंच मुलगा कायमचा. आणि शिवराज सरांचा सत्कार करायचा. तो हा सत्कार.

आता एकच गोष्ट. फायनलच्या गडबडीत हातमोजे आमच्याकडेच राहिले होते. परवा रोहन आमच्या दारात आला. घाम पुसत म्हणाला, "काकू, हातमोजे द्या. या रविवारी माझी बारी आहे." हेमंतराव, तुमच्या मुलाला कुणी काही सांगितलेलं नाही. तो श्रुतीपेक्षा बोटभर बुटका आहे. नव्या पद्धतीत त्याचा नंबर कधी लागणार, हे मला त्याला सांगवलं नाही. तुम्ही सांगाल का?

खाली बघू नका. मीही त्याच्यासमोर खालीच बघत होते.

आबासाहेब, शाल तुमच्या हातात आहे. ती घालायच्या आधी अध्यक्ष म्हणून पालकांना एकदा विचारा, की आम्हा बैठकीला न बोलावलेल्या बायकांचंही मत धरून, सरांनी जावं का. मी सरांना आधी विचारलं होतं. ते म्हणाले, "ताई, मला नक्को विचारू. मैदान पालकांचं आहे. बोलावलं तर येतो, पण बसायचं चिंचेखालीच." ही अट मला कबूल आहे. ज्यांना सर हवेत आणि ही अट कबूल असेल त्यांनी हात वर करावा. माझा हा पहिला.

माधवीताई, तुमचा दिसला. बरं वाटलं.

हेमंतराव, तुमची मी वाट बघते आहे. घाई नाही.

मंडळानं बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल सर्वांची ऋणी आहे. सवय नसल्यानं शब्द कमीजास्त झाले असतील, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, त्याची पदर पसरून क्षमा मागते. जे मागितलं त्याची मात्र मागत नाही.