टेमोच्या मावशीची होडी

तुम्ही तळ्यावर पिकनिक ठरवता आणि मी ऐनवेळी कॅन्सल करतो, त्यामागे एक मावशी आहे. माझी नाही, टेमोची. टेमो म्हणजे इथल्या स्टेट कॉलेजमधला माझा रूममेट, पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या देशातला. त्यांच्याकडे बेटाबेटांच्या स्पर्धा होतात, धावणं, व्हॉलीबॉल, होड्या, सगळं. इथे राहणारी त्यांची माणसं उन्हाळ्यात तळ्यावर तशाच स्पर्धा भरवतात. एका वर्षी टेमोच्या बेटाच्या होडीत एक माणूस कमी पडत होता.

कॅप्टन मावशीच. मला म्हणाली, "वर्षभर आमच्या घरचा मासे-भात खातोयस, म्हणजे तू आमच्याच बेटाचा. पोहता येतं ना?"

खाल्लेल्या घरी नाही कसं म्हणणार यार? म्हटलं, "थोडंफार."

तळ्याच्या मध्यावर दुसरी होडी आम्हाला घासून गेली आणि आत पाणी शिरायला लागलं. बघता बघता घोटे बुडाले. खालचं पाणी काळं, किनारा कुठच्या कुठे. वल्हं पाण्याऐवजी माझ्याच गुडघ्यावर आपटत होतं.

"मावशी, मला पोहता येत नाही."

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "माहितीये. पार्किंग लॉटमध्येच लाइफ जॅकेट घालून उभा होतास."

"मग मला घेतलंत कशाला?"

"गेल्या वर्षी असंच पाणी शिरलं, तर पोहता येणारे सगळे उड्या मारून निघून गेले. तू कुठे जाणार? वल्हव."