रिकाम्या गोठ्याची कविता

मुलांनो, कल्पना करा. तुम्ही उचगावच्या थांब्यावर बसची वाट बघताय. शेजारी दहावीतल्या दोन मैत्रिणी, क्रांती आणि प्रियदर्शनी. हळू बोलणं दोघींना ठाऊक नाही, त्यामुळं तुम्हाला ऐकावंच लागतं.

“प्रिया, आज वर्गात गोठ्याच्या कवितेवर तुलाच बोलायचं हाय. पाठ केलंस न्हवं?”

“केलंय की. ‘रिकामा गोठा हे मानवी एकाकीपणाचे प्रतीक आहे.’”

“झालं की मग! गाईडातलं हाय, सर खूश.”

“पण क्रांती, आमची म्हैस विकली तवा दुसऱ्या दिवशी आण्णा सवयीनं धारेची चरवी घेऊन गोठ्यात गेलते. तसंच परत आले. कवितेत तेच तर हाय.”

“मग तेच सांग की.”

“सांगताना मी रडलो तर? पोरं वर्षभर म्हैस म्हणून चिडवतील.”

“मग गप प्रतीक म्हण. प्रतीक म्हणताना कधी कोण रडलंय काय?”

“व्हय गं. पण आमचे आण्णा काय प्रतीक हाईत?”

बस आली. प्रियदर्शनीनं गाईड क्रांतीच्या दप्तरात कोंबलं आणि हात पुढं केला.

“रुमाल दे तुझा.”