आभार परत पाठवणारे पोतनीस

मिरजेचे मोरेश्वरराव पोतनीस. त्यांना एक पत्र आलं होतं, मंडळी, आणि त्यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं दिवाळीत. संक्रांत झाली, शिमगा झाला, पाडव्याची गुढी उभी राहिली आणि उतरली. पत्र आपलं टेबलावर, चष्म्याच्या घराखाली! साथीला बसलेले पेटीवाले, तुम्ही हसू नका. माझं एक पोस्टकार्ड तुमच्याकडेही पडून आहे.

तर आजचा प्रश्न ऐका. कुणी आपले आभार मानायला आलं, तर ते घ्यावेत की परत पाठवावेत? आपण काय करतो? ‘छे छे, मी कुठं काय केलं’ म्हणतो आणि त्या माणसाला दारातूनच वाटेला लावतो. वर म्हणतो, ही आपली नम्रता. आता ती खरोखर नम्रता असते का, ते तुम्ही ठरवा. मला ठामपणे सांगता येत नाही, म्हणून मी गोष्ट सांगतो.

मोरेश्वरराव गावातल्या वाचनालयात ग्रंथपाल होते. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. माणूस इतका भिडस्त, की दुकानदारानं चुकून साखरेऐवजी मीठ दिलं, तर घरी येऊन म्हणायचे, “मीच नीट बोललो नसेन.” बायको गेली. घरात मुलगा आणि सून शाल्मली. मुलगा फिरतीवर, त्यामुळे सासरा आणि सून यांचीच जोडी.

पत्र होतं प्रणिता ढोबळे या मुलीचं. मुलगी कसली, तिशी ओलांडलेली बाई, पुण्यात संगणकावरचे खेळ तयार करते. आता तुम्ही म्हणाल, बुवा, देवळात हे खेळांचं काय काढलंत? अहो, कीर्तनाच्या आधी मोबाइल बंद करा म्हणून मीच सांगतो आणि आज आख्यान त्यातलंच! पण ऐका तर खरं.

तिच्या खेळात जग उद्ध्वस्त झालेलं आहे. प्रलय होऊन गेलाय. नद्या आटल्यात, शहरं मोडून पडलीत, चारी दिशांना मोकळा मुलूख, हवं तिकडे फिरा. पण फिरायला निघण्याआधी खेळ तुम्हाला विचारतो, प्रलयाआधी तू कोण होतास? पूर्वकथा निवड. बघा, आपले शास्त्री ज्याला संचित म्हणतात, ते तिथं पहिल्याच पानावर! सैनिक व्हा, चोर व्हा, नाहीतर ग्रंथपाल व्हा.

प्रणितानं लिहिलं होतं, “पोतनीस काका, मी शिकत असताना तुमच्या वाचनालयात येत होते. यातला ग्रंथपाल तुमच्यावरून केलाय. पण चाचणीसाठी खेळणारे सहसा त्याला निवडत नाहीत आणि निवडला तर पहिल्याच मारामारीत मरतो. माझे सोबती म्हणतात, काढून टाक. खेळ वैशाखात बाहेर पडेल. त्याआधी तुम्ही एकदा खेळून बघा आणि सांगा, ठेवू की काढू. तुम्ही म्हणाल ते शेवटचं. माझ्यावर तुमचे उपकार आहेत.”

मोरेश्वररावांनी पत्र वाचलं आणि त्यांना घाम फुटला. कसले उपकार? त्यांना ती मुलगी धड आठवतही नव्हती. त्यांना वाटलं, पोरीचा काहीतरी गोंधळ झालाय, दुसऱ्या कुणाचं श्रेय आपल्या पदरात पडतंय. हो म्हणावं तर लबाडी, नाही म्हणावं तर तिचं मन मोडेल. मग भिडस्त माणूस काय करतो? काहीच करत नाही!

चैत्र सरत आला, तेव्हा शाल्मलीनं चष्म्याचं घर उचललं.

“बाबा, या बिचारीला काही कळवलंत का?”

“कळवायचं काय? काढून टाक म्हणावं. मी काय खेळात ठेवण्यासारखा माणूस आहे?”

“न बघताच?”

“अगं, मला घरातला मिक्सर लावता येत नाही.”

“ते मला माहीत आहे. चटणी छताला कुणी लावली होती?”

रविवारची दुपार होती. तिनं पत्रात दिलेल्या दुव्यावरून खेळ उतरवून घेतला आणि लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला. ग्रंथपाल निवडला. पडद्यावर एक वाकलेला माणूस आला, काखेत छत्री. बाजूला त्याचे गुण लिहिलेले. ताकद दोन. भीती नऊ. वाचन दहा.

“पोरीनं ओळखलंय मात्र तुम्हाला,” शाल्मली म्हणाली.

प्रलयानंतरच्या त्या मुलखात एकच विहीर जिवंत होती आणि ती लुटारूंच्या ताब्यात. ग्रंथपालाला पाणी हवं होतं. शाल्मली लपत लपत गेली, एका लुटारूच्या पाठीत छत्री हाणली. छत्री मोडली. ग्रंथपाल मेला. पुन्हा सुरुवात केली, दगड मारला. पुन्हा मेला. तिसऱ्यांदा ती नुसती पळाली, तर खड्ड्यात पडून मेला.

“लिही तिला, काढून टाक,” मोरेश्वरराव म्हणाले. आवाज शांत होता, मंडळी, पण आत काहीतरी दुखत होतं. खोटा का होईना, तो माणूस त्यांच्यावरून केलेला होता आणि तो तीनदा मेला होता.

“तिनं तुम्हाला खेळायला सांगितलंय, मला नाही. बसा इथं. ही कळ चालायची, ही वार करायची.”

बसले. माणूस भिंतीला धडकत, वळणं चुकत एकदाचा विहिरीपाशी पोचला. सहा लुटारू चुलीभोवती बसलेले. शस्त्रं बाजूला. भाकरी मोडून खात होते. पडद्यावर अक्षरं उमटली: शत्रू बेसावध आहे. वार करा.

मोरेश्वररावांनी हात मांडीवर घेतले.

“बाबा, दाबा ना. हीच वेळ आहे.”

“जेवताहेत ते.”

“म्हणूनच तर.”

“जेवत्या माणसाला उठवू नये. त्यांचं होऊ दे.”

“अहो, ते खरे नाहीत!”

“माहीत आहे मला. मी खरा आहे ना?”

मंडळी, हे वाक्य त्यांनी काही मोठ्या आवेशात म्हटलं नाही. कढी वाढ म्हणावं तसं म्हटलं. शाल्मली हसली, उठली, चहा टाकायला गेली. चहा उकळला, गाळला. ती परत आली तरी ग्रंथपाल काखेत छत्री घेऊन भिंतीआड उभाच!

लुटारूंचं जेवण झालं. हात धुतले. आणि त्यांची म्होरकी, एक दणकट बाई, अंधाऱ्या भिंतीकडे बघून म्हणाली, “बाहेर ये. मघापासून दिसतोयस आम्हाला. मारलं का नाहीस?”

ग्रंथपालाचं उत्तर पडद्यावर आपोआप उमटलं. “तुम्ही जेवत होतात.”

शाल्मलीनं कप टेबलावर ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली.

म्होरकी म्हणाली, “पाणी घे.” तो पाणी भरतोय तोच डोंगराकडून रानटी कुत्र्यांची टोळी धावून आली. मग काय मारामारी! पण या वेळी ते सहाही लुटारू ग्रंथपालाच्या पुढे उभे राहिले. मोरेश्वररावांनीही धीर करून वाराची कळ दाबली, तर छत्री बादलीला लागली आणि पाणी सांडलं. तरी माणूस जगला.

कुत्री पळाल्यावर म्होरकी त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, “मलाही एकदा असंच कुणीतरी पोटभर जेवू दिलं होतं. जिथं जेवायला मनाई होती तिथं. त्यानं बघितलं, काही बोलला नाही, बाहेर जाऊन उभा राहिला.”



“मेथीची भाजी असायची,” मोरेश्वरराव म्हणाले. “वास सगळ्या वाचनालयात. कामावरून थेट यायची ती, संध्याकाळी, शेवटच्या टेबलावर. पुस्तकाच्या आड डबा उघडायची. आत खायला बंदी. मी दिसलो असतो तर घास तिच्या घशात अडकला असता.”

“मग?”

“मग काय? व्हरांड्यात जायचो. डब्याचं झाकण वाजलं की आत यायचो. मी काहीच केलं नाही गं. नुसता उभा राहिलो.”

“बाबा, ज्यांनी ज्यांनी ग्रंथपाल निवडला, ते सगळे मारामारीतच मेले म्हणते ती. तेवढं नुसतं उभं राहणं कुणालाही जमलं नाही.”

आता सांगा. मोरेश्वरराव एवढे महिने कशाला भीत होते? लबाडी नको म्हणून? ते तर खरंच. पण त्यात एक बारीकसा अहंकारही होता, मंडळी. माझं मोल काय, ते मीच ठरवणार, दुसऱ्यानं सांगायचं नाही! आपल्या सगळ्यांना पूर्वकथा सैनिकाची हवी असते. तलवारीची, जखमेची, चारचौघांत सांगण्यासारखी. आणि देव आपल्या नावावर काय लिहून ठेवतो, तर व्हरांड्यात उभं राहणं. ते आपण विसरतो. ज्याला मिळालं तो विसरत नाही.

इथं मघाशी खडीसाखर वाटली, तेव्हा कुणी म्हणालं का, ‘नको, माझी लायकी नाही’? हात पुढे केलात ना? मग कुणी आभार घेऊन आलं तर हात मागे का नेता? त्या माणसानं ते किती लांबून आणलेले असतात! घ्या. कपाळाला लावा. आणि तुमच्यासाठीही कुणीतरी कधी दाराबाहेर थांबलं असेल, ते आज घरी जाताना आठवा. सापडेल. प्रत्येकाला एक तरी सापडतो.

आरतीला उभं राहण्याआधी शेवट ऐका. शाल्मली म्हणाली, “फोनवरून कळवते तिला, क्षणात जाईल.” मोरेश्वरराव म्हणाले, “पत्राला पत्र.” पहिलं उत्तर लांबलचक झालं, ते फाडलं. दुसऱ्यात क्षमाच फार मागितली होती, तेही फाडलं. तिसरं असं होतं:

“चि. प्रणितास अनेक आशीर्वाद. ग्रंथपाल राहू दे. त्याची ताकद वाढवू नकोस. तुझे आभार पोचले, ते मी ठेवून घेतले आहेत.”

चपला घातल्या, कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत गेले. सवयीप्रमाणे पत्ता पुन्हा एकदा वाचला. मग हात आत घातला आणि पत्र सोडून दिलं.