मापभर कोंडा

(कुंभकोणममधलं घर. दुपार. मधुमिता खाटेवर डाव्या कुशीवर पडून आहे. छताच्या कडीला बांधलेल्या साडीच्या झोळीत तिचा दीड वर्षाचा मुलगा झोपला आहे. नणंद भारती त्याचे कपडे पिशवीत भरते आहे. सासू कामाक्षी उंबऱ्याशी बसली आहे.)

मधुमिता : ती टोपी नका भरू, अक्का. ती घातली की तो रडतो.

भारती : कोइमतूरला संध्याकाळी वारा सुटतो गं. घाटातून येतो तो थेट कानात शिरतो.

मधुमिता : मग माझ्या जुन्या साडीचा तुकडा बांधा कानाला. तो बांधून घेईल.

भारती : बरं. कुठं आहे तो?

मधुमिता : मला विचारून काय उपयोग. मी उठू नये असं ठरलंय ना सगळ्यांचं. कपाटात खालच्या खणात बघा.

कामाक्षी : अशी तोडून बोलू नको गे. कोणी मुद्दाम केलं काय? डाक्टरीण माझ्यासमोर बोलली. म्हणाली, ह्या पोराला ऑपरेशन करून काढलेलं, ती शिवण अजून कच्ची, त्यावर हे दुसरं आलं, आणि वार खाली सरकली आहे. पोराला उचललं तर रक्त पुन्हा जाईल. पुन्हा गेलं तर मज भरवसा देता येणार नाही म्हणाली.

मधुमिता : मला पाठ आहे ते, अम्मा.

कामाक्षी : पाठ होतं, तरी परवा उचललंस.

मधुमिता : पायरीवरून पडला तो. ओठ फुटला होता. काय करायचं होतं, बघत उभी राहू?

कामाक्षी : मज हाक मारायची.

मधुमिता : तुम्हाला हाक मारून तुम्ही गुडघे धरत येईपर्यंत तो रडून निळा पडला असता. आणि तुम्हाला तरी कुठं उचलवतो तो आता?

भारती : म्हणून तर मी आले, मधू. तू सुटलीस की आणून सोडते.

मधुमिता : हे यांनी तुम्हाला फोन करून सांगितलं, मग अम्मांना, आणि मला सर्वांत शेवटी, दुकानात जाता जाता, चपला घालताना. म्हणाले, अक्का येतेय, शशांकला नेतेय, तू आराम कर. जसं काही भांड्यांची ऑर्डर पाठवायची आहे.

भारती : हेमंत तसाच आहे. लहानपणीही रडू आलं की दाराकडे तोंड करून बोलायचा. त्या दिवशी फोनवर मला म्हणाला, अक्का, पहिली दोन पोटातच गेली, तेव्हा हिचं तोंड मी बघितलंय, पुन्हा बघवणार नाही. मी हॅलो हॅलो करत राहिले.

मधुमिता : मला नाही म्हणाले हे.

भारती : तुला कसं म्हणेल.

मधुमिता : तेवढं म्हणाले असते तर मीच भरली असती पिशवी.

कामाक्षी : आता भरली तीही मायेनंच भरली. परकीकडे जातो काय तो? आत्याकडे तर जातो.

मधुमिता : आत्याकडे नाही, अम्मा. आईकडे जातोय. विसरलात काय?

कामाक्षी : हळू. झोळीत पोर आहे.

मधुमिता : दीड वर्ष हळूच बोलत आलेय. तो झाला त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, हे तुझं म्हणू नको, दोन गेलीत, दृष्ट ह्या घरावर टपून आहे. अक्कांच्या हातात मापभर कोंडा दिलात. त्यांनी तो मागच्या दारानं मला दिला, पोर उचलून नेलं आणि पुढच्या दारानं सांभाळायला म्हणून परत आणून ठेवलं. कोंड्याच्या मोलाचं पोर, कोण कशाला नजर लावेल. म्हणून कोंडाजी म्हणून हाका मारायच्या. दारात कोणी विचारलं मूल कुणाचं, तर म्हणायचं नणंदेचं, मी नुसती सांभाळते.

कामाक्षी : आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. माझ्या सासूनं केलं म्हणून हेमंत वाचला.

मधुमिता : मी नाही कुठं म्हटलं? तेव्हा मी काहीही केलं असतं. पण वर्ष भरलं की कोंडा परत देऊन आईनं पोर विकत घ्यायचं, हेही पिढ्यान्‌पिढ्या करीत आले ना? ते कुठं झालं?

कामाक्षी : भारतीस ताप होता वाढदिवसाला. मग दसऱ्यास म्हटलं, तर जावई शेषाद्रींना रजा मिळेना. पुढं हे दुसरं राहिलं आणि राहूनच गेलं.

मधुमिता : म्हणजे तो आजही अक्कांचा आहे. तुमच्याच नियमानं. आणि उद्या गाडीत बसून त्यांच्या घरी निघाला. मी इथं पडून कोणत्या तोंडानं म्हणू की माझा मुलगा परत आणा?

भारती : माझ्यावर तुझा विश्वास नाही काय?

मधुमिता : विश्वासाचं नाही, अक्का. तो अजून बोलत नाही. येत्या महिन्यांत बोलेल. त्याच्यापुढं जी असेल तिला आई म्हणेल. दूध तोडायला आठवड्यापूर्वी अम्मांनी कडुनिंब लावायला लावला. त्यानं तोंड लावलं, आणि असं बघितलं माझ्याकडे, जसं काही मी त्याला फसवलं. आता पाठवूनही देतेय. परत येईल तेव्हा मी कोण असेन त्याची? बाळंतीण. दुसऱ्या बाळाची आई.

कामाक्षी : असं मनात आणू नये पोटुशीनं. पोटातलं ऐकतं.

मधुमिता : ऐकू दे. मला त्याचा राग येतो. खरंच येतो. एकाला अजून पुरतं माझं म्हणता आलं नाही, तोवर हे आलं आणि त्याला माझ्या हातातून काढतंय. रात्री पोटावर तिरुक्करुगावूरच्या देवळातलं तेल लावताना देवीला म्हणते सांभाळ, आणि तेव्हाच मनात येतं, थोडं थांबायला काय झालं होतं तुला. मग भीती वाटते, माझ्या ह्या रागानंच ते जाईल. मग अक्का आठवतात आणि लाजच वाटते.

भारती : मी का आठवावी?

मधुमिता : तुमच्यासमोर असं बोलू नये म्हणून.

भारती : अकरा वर्षं सगळे माझ्यासमोर जपूनच बोलतात. एखादी बाई पोराला चापट मारायची असली तरी मला बघून हात आवरते. तू बोललीस ते बरं झालं. राग आला म्हणून कोणाचं पोर जात नसतं. माझ्या मनात तर कधी राग नव्हता, मला कुठं मिळालं?

कामाक्षी : पुरे गे दोघींचं. तिन्हीसांजेच्या आधी दूध तापवायचं आहे, तो उठेल.

भारती : थांब अम्मा. मलाही एक बोलायचंय. वाढदिवसाला मला ताप नव्हता.

कामाक्षी : म्हणजे?

भारती : नवा सदरा घेऊन, हे आणि मी बसस्टँडवर आलो होतो. बस लागली. हे चढले. माझे पाय उचलेनात. म्हटलं, मला कणकण वाटते, घरी जाऊ. हेही उतरले. दसऱ्याला त्यांनी रजा मागितलीच नव्हती. मीच नको म्हटलं.

कामाक्षी : आणि मी इथं तुझ्या तापासाठी अभिषेक केला.

भारती : हो. प्रसाद मिळाला मला.

मधुमिता : का, अक्का?

भारती : कोंडा घेतला की संपलं ना. आमच्या गल्लीत एक नवी शेजारीण आली गेल्या वर्षी. तिनं विचारलं, मुलं किती? आजवर मी मान हलवून आत जायची. तिला म्हटलं, एक मुलगा, गावी भावाकडे वाढतो. तोंडातून निघून गेलं. आणि खोटंही नव्हतं, अम्माच्या नियमानं. मग तिनं कोणाला सांगितलं, तिनं आणखी कोणाला. भाजीवाली विचारते, मुलगा चालायला लागला का? मी सांगते, हो, भिंत धरून चालतो. तू मला फोनवर जे सांगायचीस, ते मी तिला सांगायची.

मधुमिता : मी इथं दारात उभी राहून म्हणायची, माझा नाही.

भारती : आणि मी तिथं म्हणायची, माझा.

कामाक्षी : देवा रे.

भारती : परवा हेमंतचा फोन आला. त्यानं रक्ताचं सांगितलं आणि पहिलं काय वाटलं मला, सांगू? भीती नाही वाटली. आनंद झाला. शशांक येणार म्हणून. फोन ठेवून मी पाळण्याची कडी तपासायला उठले. अर्ध्यात थांबले. म्हटलं, भारती, हे काय करतेस तू. तिकडे ती पडलीय.

मधुमिता : अक्का, बसा. उभ्यानं नका बोलू.

भारती : उभीच बरी. मधू, मी त्याला नेणार. न नेऊन चालणार नाही, तुला जगायचंय आणि पोटातल्यालाही. पण तो माझा म्हणून माझ्या घरी आला तर मी परत आणणार नाही. आज मी शंभर शपथा घेईन. पण एकदा गळ्यात हात टाकून त्यानं मला आई म्हटलं, की माझ्याच्यानं होणार नाही ते. मी मला ओळखते. तेव्हा आधी त्याला विकत घे. आज, आत्ता. मग तुझा मुलगा म्हणून माझ्याकडे दे.

कामाक्षी : आत्ता नाही. मुळीच नाही.

भारती : का?

कामाक्षी : पोटात एक असता ती गाठ सोडू नये. ह्याला माझा म्हटलं की दृष्टीस ह्या घरात दोन दिसतील. एकावर तरी ती बसेल. बाळंतीण होऊ दे, न्हाऊ दे, मग कर काय ते. इतके दिवस थांबलात, आणखी थोडं.

भारती : अम्मा, तोवर तो माझा होईल.

कामाक्षी : झाला तर झाला. जिवंत तर राहील. कोणाच्या कुशीत का होईना.

मधुमिता : अम्मा, तुम्ही मला दोन्ही वेळा न्हाऊ घातलंत. रिकाम्या हातांनी मी घरी आले तेव्हा दोन्ही वेळा तुम्हीच जेवू घातलंत. तुमची भीती मला कळते. पण मी ह्याला माझं न म्हणता वाढवलं आणि त्यातून मी काय शिकले? तो खोकला तरी घाबरते. हसला तरी घाबरते. नियम पाळूनही भीती गेली नाही. मग एकदा तरी माझं म्हणून भ्यायला मिळू दे मला.

कामाक्षी : मग तुज काय पाहिजे, ते सांग.

मधुमिता : उद्या तो गाडीत रडला आणि कोणी विचारलं, कुणाचं मूल, तर अक्कांनी सांगायला हवं की ह्याची आई कुंभकोणमला आहे. एवढंच पाहिजे मला.

कामाक्षी : कोंडा घरात नाही.

भारती : पलीकडच्या गल्लीत गायवाल्याकडे असेल.

कामाक्षी : तुम्ही दोघी ठरवूनच बसलात. काठी दे माझी. तू जाऊ नको, विकणारीनं कोंडा आणू नये. मीच जात्यें. आणि ऐका, त्यास झोपेतच घ्यायचं नाही. जागा होऊ दे. आपण कोणाचे, हे त्यानं डोळे उघडे ठेवून बघावं.

(कामाक्षी जाते. ती पितळेचं माप भरून परत येईपर्यंत मूल जागं झालेलं असतं. भारती त्याला मांडीवर घेऊन खाटेशी बसते.)

कामाक्षी : माप दोन्ही हातांनी धर, मधू. उठू नको. पडल्या पडल्या चालेल, देव काही उठून बस म्हणत नाही. भारती, विचार तू.

भारती : कोण आलंय दारात?

मधुमिता : मी, मधुमिता.

भारती : काय पाहिजे?

मधुमिता : मूल पाहिजे.

भारती : कोणाचं?

मधुमिता : म्हणू, अम्मा?

कामाक्षी : सांग गे. मीच म्हणत्यें सांग. मोठ्यानं सांग, त्या बाहेर बसलेल्या दृष्टीच्या कानावर जाऊ दे. मी आहे इथं.

मधुमिता : माझं. माझं मूल आहे ते. शशांक. ह्या मापात कोंडा आहे, तो घ्या आणि माझं मूल मला द्या.

भारती : घेतला. घे तुझं मूल.

मधुमिता : इथं ठेवा, माझ्या कुशीला. पोटावर पाय येऊ देऊ नका. ये रे. ये माझ्या राजा. ओठ दुखतो अजून?

कामाक्षी : रडतेस काय, भारती. पूस डोळे. आत्या आहेस तू. ते काही कोंड्यानं मिळालेलं नाही आणि कोंड्यानं जातही नाही.

भारती : त्या भाजीवालीला आता काय सांगू मी?

मधुमिता : माझ्या भावाचा मुलगा आलाय म्हणा. त्याची आई आजारी आहे, तिनं माझ्यावर सोपवलाय म्हणा.

भारती : सोपवलाय.

मधुमिता : हो. तुमच्याशिवाय मी दुसऱ्या कोणाकडे पाठवला नसता. यांनी कितीही सांगितलं असतं तरी.

भारती : मग सांग मला सगळं. भात कसा कालवू? मऊ?

मधुमिता : मऊ, रसमातला. तूप वरून, कालवून नाही. केळ दिलंत तर स्वतःच्या हातानं खायचं असतं त्याला, सगळं अंगभर होतं, होऊ दे. रोज संध्याकाळी फोन करा, पण माझा चेहरा बघून तो रडायला लागला तर दाखवू नका. नुसता मला त्याचा आवाज ऐकवा.

भारती : बरं. आणि रात्री जागा झाला तर काय देऊ?

मधुमिता : काही मागत नाही. डोळे मिटूनच हात चाचपतो. माझं बोट सापडलं की परत झोपतो.

भारती : आणि माझं बोट लागलं तर?

मधुमिता : कळेल त्याला. रडेल.

भारती : मग?

मधुमिता : मग तुम्ही बोट काढून घेऊ नका, अक्का.