ब्रिस्केटचा धूर

नाही, मला सांगा, ह्यूस्टनमध्ये माणसाने शनिवारी आपल्या अंगणात, आपल्या भट्टीवर ब्रिस्केटचं मांस नाही भाजायचं तर काय टोमॅटो भाजायचे? तुम्हाला सांगतो, आमची पोरगी रोशेल तेलकंपनीतली गलेलठ्ठ पगाराची नोकरी सोडून घरी आली, म्हणे, आता गल्लीच्या हवेसाठी लढणार. मी बोललो काही? नाही बोललो! जन्मभर मी त्याच कंपनीच्या कारखान्यात वेल्डिंग केलं, पण पोरगी सांगत होती ते खोटं नव्हतं ना... कारखान्याच्या कुंपणापलीकडून वारा सुटला की शेजारच्या मिस ओडेसाचा नातू खोकून खोकून निळा पडतो, आणि कंपनीला तिथेच आणखी एक धुरांडं हवंय!

मग रोशेलने हवा मोजायची यंत्रं टांगली. पहिलं कुठे? आमच्याच ओसरीवर, भट्टीच्या डोक्यावर! धुरांड्याच्या परवानगीच्या सुनावणीला सगळी गल्ली चर्चचे कपडे घालून हजर, आणि कंपनीचा वकील उठतो, टाय सारखा करतो, अगदी गोड आवाजात... "धुराचा आकडा फक्त शनिवारी चढतो, सर. शनिवारी मिस्टर थिबोडो अंगणात मांस भाजतात." अख्खं सभागृह हसलं हो! रोशेल नाही हसली. पुढची तारीख पडली.

घरी येऊन म्हणते कशी, "डॅडी, उन्हाळाभर भट्टी बंद. आपला पुरावा चोख हवा." मी बोललो काही? अहो, चार जुलैला, ऐन स्वातंत्र्यदिनाला, उकडलेलं कणीस खाल्लं मी, टेक्ससच्या माणसाने, तेही चारचौघांत! पण भट्टी थंड आणि शनिवारचा आकडा तरी चढलेलाच... म्हणजे धूर सोडत होतं कोण? पुढच्या सुनावणीत वकिलाचा गोड आवाज कुठे गेला कोण जाणे. धुरांड्याला परवानगी नाही म्हणजे नाही! मिस ओडेसाने मला मिठी मारली आणि मी रडलो, खोटं कशाला सांगू. रोशेलला शहराने हवेच्या तक्रारींसाठी नवी कचेरी दिली.

मग काय, आनंदाच्या भरात मी भट्टी यंत्रापासून लांब नेली, परसात, थेट कंपनीच्या कुंपणाला लावली, आणि टाकली ओकची लाकडं! तर कचेरीत पहिली तक्रार आली. कोणाची? कंपनीची! थिबोडोंचा धूर आमच्या आवारात येतो म्हणे. मी फोनवर म्हटलं, "पोरी, फाडून टाक." ती म्हणाली, "डॅडी, नियम सगळ्यांना सारखा. मी तपासायला येते."

आली हो, गळ्यात ओळखपत्र घालून! मी बोललो काही? एवढंच बोललो... "मॅडम, आधी जेवून घ्या, मग काय ते लिहा."