मोतीबिंदूचं निमित्त

—उठू नको, बस की गं, हे बाकडं काय माझ्या एकटीचं न्हाई. डोळ्यात थेंब टाकलेत म्हनून मला काई दिसत न्हाई आसं समजू नको, तू दारातून आत आलीस तवाच तुझ्या आंगावरचं चित्र बगितलं मी—मडक्याचं डोकं, फाटका सदरा आन हातात गिटार. बुजगावणं बँड. हाय ना? आता आशी काय बगतीस माझ्याकडं? झरीच्या शेळ्या राखनाऱ्या बाईला बँड ठाव आसू न्हाई का? त्यांची सगळी गानी येतात मला—ते मदी मदी इंग्रजी येतं तेवढं सोडून, तितं मी नुसतं तोंड हालवते. तू गेल्तीस का त्या परभनीच्या कार्यक्रमाला, पंधरा दिवसांमागं? गेल्तीस! कुटं हुबी व्हतीस? मागं, पान्याच्या टँकरपाशी? मग काय दिसलं तुला, माय—लोकांची टाळकीच दिसली आसतील. मी पुढं व्हते. पार पुढं, कठड्याला पोट लावून. खोटं कशाला सांगू.

हळू बोल मातर. आमचे मालक खाली केसपेपर काढायला गेलेत. नाव घेत न्हाई मी त्यांचं, पन तुला वळखायला पायजे म्हनून सांगते—आसाराम. उंच मानूस, टोपी, खांद्यावर लाल पंचा. आसा कुनी जिन्यातून वर येताना दिसला की मला कोपर मार आन गानंबिनं सगळं बंद, मग आपन दोघी मोतीबिंदूचं बोलायचं. कारन काय, सांगते तुला, आता तू आपल्यातलीच निघालीस—मला मोतीबिंदू न्हाईच. बिलकुल न्हाई. सुईत दोरा पैल्या झटक्यात ओवते मी. हसू नको, नर्सबाई बगायलीय.

हे सगळं आमच्या सुनंनं केलं, साधनानं. सून चांगली हाय, पन कापूस येचताना तिला फोन लागतो, वटीत एकीकडं कापूस आन एकीकडं फोन. मागल्या साली येचनीला पैल्या दिशी ते गानं लागलं तवा मी म्हनले, बंद कर बाई ते, डबे पडल्यासारखं वाजायलंय. दुसऱ्या दिशी काई बोलले न्हाई. तिसऱ्या दिशी मीच म्हनले, ते मडक्याचं लाव गं. तुला तर ठाव आसंलच—मडकं माझं डोकं, आत न्हाई कुनी, तरी पाखरं भेतात मला. आगं, कसलं खरं लिवलंय! आन त्यो पोरगा ते म्हनत न्हाई, बोंबलतो. मला तेच आवडलं. मानूस आसं पोटातून वरडतंय आन लोक त्याला गप बस म्हनायचं सोडून टाळ्या वाजवतात—मला वाटलं, हे एकदा आपल्या डोळ्यानं बगावं.

आता घरी काय सांगायचं? साधना म्हनली, आत्याबाई, खरं सांगून टाकू. मी म्हनले, येडी का खुळी? आठवड्याच्या बाजाराला जायचं तरी मालक धा गोष्टी इचारतात. मग मीच काढलं—परभनीला डोळ्याचं शिबिर हाय, फुकट तपासनी, सुनंला सोबत नेते, राती भावजयीकडं ऱ्हाते दगडाबाईकडं, सकाळच्या यष्टीनं येते. मालकांनी ऐकलं, पंच्यानं तोंड पुसलं, म्हनले, जा. एवढंच. एका शब्दात जा म्हनले म्हनून मला उलट जरा वाईटच वाटलं. लबाडीला कुनी भांडलं तर बरं आसतं.

आन मग काय, तू बगितलंसच. दिवस मावळायच्या आत चालू झालं का न्हाई? पैला ढोल वाजला तवा माझ्या छातीत आसं धडकलं की मी साधनाचा दंड धरला. माझ्या बाजूला कॉलेजची पोरं व्हती, काळे काळे कपडे घातलेली, त्यांनी आधी मला जागा दिली, मावशी बसा म्हनून, मी म्हनले बसायला आले का मी? मग ती उड्या मारायला लागली आन मीबी मारल्या. दोन-तीनच मारल्या, गुडघा हाय माझा. त्या गर्दीत चप्पल गेली—तुझीबी गेली? एकच? माझीबी एकच. जाताना एक पडलेली सापडली ती घालून आले, निळ्या पट्ट्याची. तुझी लाल व्हती का? मग ती न्हाई, बाई. मी काय चोरली न्हाई, सापडली. घरी आले तर मालकांनी पायाकडं बगितलं, एक चप्पल काळी, एक निळी, आन म्हनले, बिचारीला दिसत न्हाई आता, चपलाबी वळखू येइनात. मी मान खाली घातली आन मनात म्हनले, गोजरबाई, वाचलीस.

पन तुला एक इचारते. मदी त्या पोरानं गानं थांबवलं, माईक लोकांकडं धरला आन म्हनला, परभनीकर, आवाज कुटंय—आठवतंय? समदे वरडले. आन मग समदे गप झाल्यावर एकच आवाज आला, लांब, आसा चढत चढत जानारा—ऐकला का तू, टँकरपाशी? ऐकलास! आंगावर काटा आला? खरंच म्हनतीस?

मीच ती.

मीच, माय. आता काय तोंडावर हात ठिवतीस, काढ की, मीच व्हते. मला ठाव नव्हतं माझ्यातून ते निघंल म्हनून. शेळ्यांची हाळी हाय ती, दुसरं काई न्हाई. टेकाडावरून दिली की ओढ्याच्या पल्याडची शेळी मान वर करते. त्यो पोरगा वाकून बगायला लागला, कोन हाय, कोन हाय, आन साधनानं माझा हात धरून वर केला, बया! त्यो म्हनला, मावशी, अजून एकदा. मग मी अजून एकदा दिली. आन त्यांनी ते ढोल माझ्या मागून वाजवले—माझ्या मागून, कळतंय का तुला, मी पुढं आन ढोल मागं. मोठ्या पडद्यावर माझं तोंड आलतं म्हनं. मी न्हाई बगितलं, मी डोळे मिटले व्हते.

तुला वाटंल, म्हातारीला सवयच आसंल वरडायची. बत्तीस वर्सांनी दिली मी ती हाळी. न्हाई, तसं काई घडलं नव्हतं, मारलंबिरलं न्हाई कुनी. लगीन होऊन आलते, सहा म्हैने झालते, वसरीवर पावने बसलेले, आन मी आंगनातून शेळ्यांला हाळी दिली, माहेरी द्यायचे तशी. पावने हसले. म्हनले, सून हाय का भोंगा? राती मालक मला म्हनले, चांगल्या घरच्या बाईचा आवाज उंबऱ्याभायेर जात नसतो. बास. शिवी न्हाई, काई न्हाई, चांगलं समजावून म्हनले. तवापासून मी शेळ्या टाळ्या वाजवून वळते. शिकल्या त्याबी. काय करतील? ...आसू दे. हे मी का सांगायले तुला? थेंबानं पानी यायलंय डोळ्यातून, दुसरं काई न्हाई. पुसायचं न्हाई म्हनलीय नर्सबाई.

मजा पुढंच हाय. घरी आल्यावर मालक म्हनले, काय सांगितलं शिबिरात? मी साधनाकडं बगितलं, साधना चुलीकडं. मी म्हनले, मोतीबिंदू हाय म्हने, पिकला न्हाई अजून. आता ह्या मानसानं काय करावं? त्या दिवसापासून मला चुलीपाशी जाऊ दिलं न्हाई. धूर लागतो म्हने. दोन दिसांनी साधना माहेराला गेली, तवापासून सोता भाकरी थापतात. बारा दिवस झाले! कशा? एका बाजूनं कोळसा आन एका बाजूनं पीठ. मी मुकाट खाते, आन वरून म्हनते, दिसत न्हाई पन वासावरून झ्याक झालीय. रोज सकाळी वसरीत खाट टाकून बसवतात आन चार मानसांसमोर बोटं दाखवतात—ही किती? मी कधी दोन म्हनते, कधी पाच म्हनते. एका दिशी मूठ धरली व्हती त्यांनी, मी म्हनले तीन. किशनराव शेजारी एवढा कळवळला की जांब घेऊन आला. दाराला दोनदा कपाळ आपटून घेतलं मी, मुद्दाम, हळूच.

आन आता हितं आनलंय मला, मोठ्या डॉक्टरकडं. आत त्यो पाटीवरची अक्षरं वाचायला लावील. तूच सांग, खरी वाचू का चुकवू? चुकवली तर कापतील डोळा. खरी वाचली तर भायेर येऊन म्हनतील, ह्यांचे डोळे तर घारीचे हायेत. मग मालक म्हनतील—काय म्हनतील? आजपर्यंत एक खोटं पचवलं न्हाई त्या मानसानं. तसं भोळं मानूस हाय. त्या दिशी स्टँडवर सोडायला आले तर बंडीच्या खिशातून कापसाचे दोन बोळे काढून दिले माझ्या हातात. म्हनले, ठिव, कानात घालायला, तितं लय गलका आसतो. मी पदराला बांधले, नंतर इसरूनच गेले—

थांब.

डोळ्याच्या शिबिरात कसला गलका?

न्हाई, यष्टीच्या वाऱ्यासाठी दिले आसतील. खिडकीचा वारा लागतो. पन मग तितं म्हनले ना, तितं लय गलका... आन बाई, स्टँडच्या भिताडावर ह्याच मडक्याचा कागद चिकटवलेला, आन मी आन साधना त्याच्याखालीच हुब्या, दोघीबी काळी लुगडी नेसून. तपासनीला कोन जातं गं काळं नेसून? मालकांनी वर कागदाकडं बगितलं, खाली आमच्याकडं बगितलं, आन गाडीला किक मारली.

आन परवा. परवा शेळ्या ओढ्याच्या पल्याड गेल्या, मी टाळ्या वाजवायलेले, त्या काई येइनात. तर मालक म्हनले, दे की एक हाळी. मी म्हनले, मी? तर म्हनले, डोळे बिघडलेत तुझे, गळा तर शाबूत हाय ना. मी दिली. पार ओढ्यापल्याड गेली ती. मालक माझ्याकडं पाठ करून हुबे व्हते, पंचा तोंडाला लावून, आन मला बाई वाटलं, राग आला त्यांना.

म्हंजे पैल्या दिवसापासून ठाव व्हतं ह्या मानसाला. चपला, बोटं, ती मूठ—आन तरी बारा दिवस भाकरी—आन मी दाराला कपाळ आपटायलेय आन ते पंच्याआड हसायलेत—

काय? जिन्यात? लाल पंचा?

बरं, सरक तू. पल्याडच्या बाकड्यावर जा, आन ते मडकं झाक वढनीनं. तू मला वळखत न्हाईस, मी तुला वळखत न्हाई. आन हसू नको, पोरी, माझीबी फजिती करशील. जा.

...अवो, आलात का? कुनीकडं हाय तुमी? हात धरा की जरा माझा, काईच दिसंना मला.