आत राहिलेली गोळी

प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन शिवणकामवाली बाई एक्स-रेच्या खोलीबाहेर बसली होती. शेजारच्या बाकावर दोन म्हातारे, एक मेहुणा आणि त्याचे दाजी, निवांत बोलत होते.

"नऊ एमएमची गोळी असती तर आरपार गेली असती, दाजी. महिन्याभरात हिंडूफिरू लागला असतात."

"आणि अडतीसची?"

"ती मंद. नुसत्या शिशाची. शिरते आणि आतच बसून राहते."

"बसते कुठली! सरकते. गेल्या वर्षी बरगडीपाशी होती, आता मणक्याकडे निघालीय."

"दुखते का?"

"दुखत नाही रे. पण कूस बदलली, की कुणीतरी आत सावरून बसल्यासारखं वाटतं."

बाईनं पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.

"एक विचारू? त्या दिवशी तुझ्याकडे दोन्ही बंदुका होत्या ना?"

"होत्या. टेबलावर, शेजारी शेजारी."

"मग माझ्यासाठी अडतीसचीच का उचललीस?"

"तुमच्यापलीकडे ताई होती, दाजी. भिंतीला टेकलेली, नाक फुटलेली. आरपार जाणारी कशी चालली असती?"

दाजींनी मान डोलावली.

"हं. ते खरं."

आतून त्यांच्या नावाची हाक आली. मेहुण्यानं त्यांच्या काखेत हात घालून त्यांना अलगद उठवलं.

"सावकाश, दाजी, सावकाश. यंदा कुठवर पोचलीय ते बघू या. तिलाही घाई नाही, मलाही नाही."